हिलाल तात्यांनी दिलेली वाट

हिलाल हे नाव ऐकून नवा माणूस तात्यांना आमच्यातलाच, म्हणजे मुसलमान, समजायचा. एकदा तालुक्याच्या बँकेत बदलून आलेल्या साहेबांनी फॉर्मवरचं नाव वाचलं आणि अदबीनं "अस्सलाम आलेकुम, चाचा" म्हटलं. तात्यांनी तितक्याच अदबीनं "वालेकुम सलाम" म्हणून सही ठोकली, काम उरकलं आणि बाहेर येऊन माझ्या वडिलांना सांगितलं, "मिस्तरी, आज मी तुमनामा उनू." म्हणजे तुमच्यात आलो.

आमच्या खानदेशात हिलाल नावाचे पाटील गावोगावी भेटतात, त्यात नवल नाही. पण तात्यांच्या नावाला त्यांची स्वतःची हकीकत होती आणि ती ते कुणालाही ऐकवत. त्यांच्या आईला दिवस भरले तेव्हा सुईण म्हणून आमच्या मोहल्ल्यातली जैबुनबी गेली होती. मूल बाहेर आलं आणि त्याच वेळी मशिदीच्या ओट्यावरून लोक ओरडले, ईदचा चाँद दिसला. जैबुनबी म्हणाली, याचं नाव हिलाल ठेवा, हिलाल म्हणजे कोवळा चंद्र. ठेवलं. "मन्हं बारसं मशिदना ओटावर व्हयनं," असं तात्या सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज इतका चढे, की त्याच मशिदीच्या ओट्यावरची म्हातारी माणसं तिकडून हसत.

तात्यांना हळू बोलता येत नसे. शेतातून नाल्यापलीकडच्या माणसाशी बोलायचं वळण घशाला पडलेलं. कानात सांगायची गोष्टसुद्धा अर्ध्या गावाला कळे. त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं गुपित नसायचं, आणि त्यांचंही कुणाकडे नव्हतं. निदान आम्ही तसं समजत होतो.

आमचं गाव शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीपासून लांब नाही. बहुतेक घरं पाटलांची, कापूस, केळी, मिरची करणारी. आमच्या मोहल्ल्यात तीसेक घरं. अब्बांचं, म्हणजे करीम मिस्तरींचं, वेल्डिंगचं दुकान बसथांब्याजवळ होतं. गावातल्या प्रत्येक नांगराला, फाटकाला, गणपतीच्या मांडवाच्या सांगाड्याला अब्बांचा हात लागलेला. मी त्यांचा मोठा मुलगा, यासीन. शाळामास्तर झालो आणि नोकरीपायी नंदुरबारला राहायला गेलो. पण शनिवारी दुपारी गावाकडची एसटी धरायची सवय सुटली नाही, आणि गावात शिरल्यावर पहिला आवाज तात्यांचाच यायचा.

ते बिडी ओढत. रमजानच्या दिवसांत शेताकडे जाताना त्यांना आमच्या गल्लीतून जावं लागे. गल्लीच्या तोंडाशी आले की पेटलेली बिडी भिंतीवर विझवत, कानामागे खोचत, आणि शेवटचं घर ओलांडल्यावर पुन्हा पेटवत. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, "तात्या, ओढा ना, कोनी काही म्हनत नही." ते म्हणाले, "उपाशी मानूसना तोंडवर धूर सोडू का रे?" आणि पुढे गेले.

आता त्या नाल्याचं सांगायला हवं, कारण तात्या म्हटलं की मला तो नाला दिसतो.

गावाच्या पूर्वेला नाला आहे. त्याच्या पलीकडे डाव्या अंगाला स्मशान आणि उजव्या अंगाला, तात्यांचं शेत ओलांडून, आमचं कब्रस्तान. पावसाळ्यात नाला भरला की दोघांचीही पंचाईत. लांबून सडकेनं जायचं तर तीन किलोमीटर, आणि त्यातला शेवटचा तुकडा काळ्या मातीचा. पाय गुडघ्यापर्यंत जायचा. माझं कॉलेज संपलं त्या वर्षी एकाच पावसाळ्यात दोन मयती झाल्या. आधी तात्यांची चुलती वारली. तिरडी घेऊन नाला ओलांडताना पुढच्या दोघांचे पाय सुटले आणि म्हातारी पाण्यात गेली. वीस-पंचवीस हातांवर एका बाभळीला अडकली म्हणून सापडली. त्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या गल्लीतलं एक तान्हं बाळ गेलं. पाणी छातीएवढं. तात्यांनी स्वतः पोहत जाऊन दोर पलीकडच्या लिंबाला बांधला, आणि बाळाचा बाप एका हातानं दोर धरून, दुसऱ्या हातानं ते पांढरं गाठोडं डोक्यावर उचलून पलीकडे गेला.

त्या शुक्रवारी नमाज सुटली तेव्हा तात्या मशिदीच्या दाराशी उभे होते. म्हणाले, "तुमना काय आनि आमना काय, मुडदा एकच नालामा भिजी ऱ्हायनात. सरकार करी तवय करी. आपन फरशी बांधसूत." हेच वाक्य त्यांनी दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर म्हटलं. मशिदीच्या दारात उभं राहून ते जितक्या जोरानं बोलले तितक्याच जोरानं.

फरशी म्हणजे बुटका पूल, खाली सिमेंटचे मोठे नळ आणि वर सपाट काँक्रीट. चार महिने काम चाललं. पाटलांनी ट्रॅक्टर आणि दगड दिले, आमच्याकडच्या गवंड्यांनी हात दिले, अब्बांनी सळया बांधल्या. बायका वाळूच्या पाट्या वाहायच्या, आणि दुपारी भाकरी सोडल्या की कुणाची भाकरी कुणाच्या ठेच्याबरोबर गेली याचा हिशोब राहत नसे. तात्या कमरेइतक्या पाण्यात उभे राहून सगळ्यांना सारख्याच शिव्या देत. एकदा अब्बांनी सळई वाकडी बांधली म्हणून त्यांनाही दिली. अब्बांनी पक्कड खाली ठेवली आणि दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या आमच्या दारात उभे. "मिस्तरी, सळई सरळ व्हती. मन्हा डोळा वाकडा व्हता. चाल." एवढंच. अब्बा हसले आणि निघाले.

काम पुरं झालं तेव्हा वाद निघाला. आधी नारळ फुटायचा की आधी फातिहा पढायची. दोन्हीकडची शहाणी माणसं तोंड फुगवून बसली. तात्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, गोठ्यात गेले, आपला ढवळा बैल सोडून आणला आणि फरशीवर घातला. बैल धीमेपणानं पलीकडे जाऊन परत आला. तात्या म्हणाले, "तो जाई उना. आते त्याले इचारा तो कोना शे." माणसं हसली. नारळही फुटला, फातिहाही झाली.

फरशी पलीकडे उतरत होती ती तात्यांच्या शेताच्या कडेला. स्मशानाला जायला नाल्याच्या काठानं सरकारी जागा होती. कब्रस्तानाला मात्र तात्यांच्या शेतातूनच जावं लागणार होतं. तात्यांनी तिथल्या तिथे दहा हात रुंदीची पट्टी पावलांनी मोजली, दोन्ही बाजूंना दगड रोवले आणि अब्बांना म्हणाले, "हाई वाट तुमनी. यान्हावर मी नांगर घालाव नही."

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. कागदाचं महत्त्व मला नवं नवं कळलं होतं. मी सुवाच्य अक्षरात एक संमतीपत्र लिहिलं. अमुक गटातून तमुक रुंदीची वाट कब्रस्तानासाठी कायमची दिली आहे, वगैरे. ते घेऊन तात्यांच्या खळ्यावर गेलो. तिथे भुईमुगाच्या शेंगा वाळत होत्या. तात्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "कसाले रे?"

"पुढे-मागे लागला तर, तात्या."

"मी उद्या मरी जासू का? आनि मरनू तरी वावर आठेच ऱ्हाई ना. ते काय उठीसन जाई?" असं म्हणत त्यांनी माझ्या संमतीपत्राचा पुडा केला, त्यात ओंजळभर शेंगा भरल्या आणि माझ्या हातात दिला. "अम्मीले दे."

घरी अब्बांना कळलं तेव्हा ते माझ्यावर जन्मात चिडले नसतील इतके चिडले. "तूने तात्या की बेइज्जती की," एवढंच म्हणाले आणि जेवले नाहीत. मलाही लाज वाटली. खूप दिवस वाटत राहिली. आज त्या लाजेचं काय करायचं ते मला कळत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी तालुक्याच्या गावात मिरवणुकीवरून दगडफेक झाली. दुकानं बंद झाली, गावोगावी अफवा फिरू लागल्या. तात्यांनी सकाळी आपली खाट उचलून आणली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी टाकली. तीन दिवस ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे बसून होते. पेपर मोठ्यानं वाचायचे. चुकीचा वाचायचे आणि पुन्हा वाचायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरगावची काही पोरं मोटरसायकलींवर आली. तात्यांनी खाटेवरून न उठता म्हटलं, "या. बसा. चहा पी ल्या. आनि मंग जानं व्हई ते मन्हा आंगवरतून जा." पोरं थोडा वेळ गाड्या तापवत उभी राहिली आणि गेली. अम्मी तेव्हा खिडकीत होती. ती मरेपर्यंत दर नमाजेनंतर दुआ मागताना तात्यांचं नाव घेत असे.

हे सगळं मी लिहितोय ते यासाठी, की पुढचं वाचताना कुणाला वाटू नये, हा माणूस मुळातच असा असेल. तो तसा नव्हता. मला हेच पचत नाही.

बदल एका दिवसात झाला नाही. तात्यांचा मुलगा प्रवीण काही वर्षं सुरतेला होता, तो परत आला. खता-बियाण्यांचं दुकान टाकलं, दुकानासमोर पोरं जमू लागली. त्या पोरांच्या बोलण्यात आम्ही 'ते लोक' झालो होतो. पोरं आमच्यासमोर वाढलेली. त्यातल्या दोघांना मी आमच्या ओट्यावर बसवून अ-आ शिकवला होता. मला नवल वाटलं ते तात्यांच्या आवाजाचं. प्रवीण जवळ असला की तात्या हळू बोलायला लागले. आधी मला वाटलं, वय झालं. मग एका रमजानात मी गावी होतो. तात्या प्रवीण आणि त्याच्या दोघा दोस्तांबरोबर आमच्या गल्लीतून चालले होते. तोंडात बिडी होती, पेटलेली. अब्बा ओट्यावर बसले होते. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि धूर सोडत पुढे गेले. अब्बा मला म्हणाले, "ध्यान नहीं रहा होगा."

मग वाटेला तार लागली. रानडुकरं येतात म्हणून, असं प्रवीणनं सांगितलं. तारेला लोखंडी फाटक बसलं. ते अब्बांनीच कधीकाळी तात्यांच्या गोठ्यासाठी बनवलेलं होतं. पुढच्या महिन्यात फाटकाला कुलूप आलं. किल्ली मागायला गेलं की प्रवीण दुकानात नसे. आमच्याकडची एक मयत तासभर उन्हात फाटकासमोर थांबली आणि शेवटी तारेखालून न्यावी लागली. मोहल्ल्यातल्या तरुणांनी तहसीलदारांकडे अर्ज करायचं ठरवलं, वाट मोकळी करून द्या म्हणून. अब्बा नको म्हणत होते. "पहले तात्या से पूछ."

ते स्वतःच गेले विचारायला. परत आले तेव्हा म्हणाले, "देखसू, बोले."

अर्ज मी लिहिला. मला खात्री होती. सातबारा अजून तात्यांच्या नावावर होता, म्हणजे साहेब विचारणार तात्यांनाच. आणि तात्या काय सांगतील याबद्दल मला तीळभर शंका नव्हती. मुलाच्या भिडेपायी त्यांना कुलूप काढता येत नसेल, पण सरकारी माणसानं सरळ विचारलं तर ते सरळ सांगतील, नेहमीच्या आवाजात सांगतील, असं मी सगळ्यांना समजावलं होतं.

तारखेच्या दिवशी आम्ही एकाच काळीपिवळीत बसून तालुक्याला गेलो. तात्या पुढे ड्रायव्हरजवळ, अब्बा आणि मी मागे. अब्बांनी ईदचे कपडे घातले होते. कचेरीसमोरच्या टपरीवर तात्यांनीच चहा सांगितला. अब्बांना साखर चालत नव्हती हे त्यांच्या लक्षात होतं. "मिस्तरीना बिगर साखरना," ते टपरीवाल्याला म्हणाले. तो चहा पिताना मला अगदी हलकं वाटलं होतं.

आत साहेबांनी फाइल उघडली. प्रवीण आणि त्याची पोरं भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी विचारलं, "पाटील, हा रस्ता तुम्ही यांना दिला होता का? तोंडी, लेखी, कसाही?"

तात्या उठून उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली.

"नही, साहेब," ते म्हणाले. "मी कोनलेच वाट देल नही. लोके आसाच जाई ऱ्हायनात."

इतकं हळू बोलले की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं. तात्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

मी उठलो होतो. काय बोलणार होतो आठवत नाही. फरशीचं, दगड रोवल्याचं, बैलाचं. साहेबांनी मला हातानं थांबवलं आणि अब्बांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे, चाचा?"

अब्बा तात्यांकडे पाहत होते. मग म्हणाले, "तात्या म्हनतस तसंच व्हई, साहेब. मन्हीच याद चुकी ऱ्हायनी व्हई."

साहेबांनी लिहून घेतलं. अर्ज तिथेच संपला. परत येताना काळीपिवळीत पुढची जागा रिकामी होती. तात्या प्रवीणच्या गाडीतून गेले होते. मी अब्बांना विचारलं, तुम्ही असं का बोललात. सगळा मोहल्ला तुमच्या तोंडाकडे बघत होता. अब्बा ब्राह्मणपुरीचा फाटा मागे पडल्यावर म्हणाले, "भरी कचहरी में मैं उसको झूटा बोलूँ?"

अब्बांना ते बोलायचं नव्हतं. मला बोलायचं होतं. पुढच्या शनिवारी मी तात्यांच्या खळ्यावर गेलो. ते एकटेच होते. मी बसलो नाही.

"तात्या, कसाले?"

 मला वाटलं, म्हणतील, विसरलो. किंवा म्हणतील, पोरांनी धमकी दिली. तसं म्हटलं असतं तर मी कदाचित त्यांच्याजवळ बसलोही असतो.

"यासीन," ते म्हणाले, "उद्या मी मरनू म्हणजे माले खांदा कोन दी? ह्याच पोऱ्या ना? माले याच गावमा मरनं शे."

"आमी देसूत ना, तात्या."

"त्या तुमले हात लावू देतीन का?"

 आम्ही दोघं तसेच होतो, ते बसलेले आणि मी उभा. मग ते म्हणाले, "मिस्तरीनी माले कचेरीमा वाचाडं. त्यानी तसं कराले नको व्हतं. त्यानी माले खोटा म्हनाले पाहिजे व्हतं." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची कीव आली नाही. मला तेव्हा वाटलं, हा माणूस रडतोय तेही स्वतःसाठीच.

त्या हिवाळ्यात प्रवीणनं वाटेवरचे रोवलेले दगड उपटले आणि ती जागा मिरची वाळवायला घेतली. नाल्याच्या अलीकडून पाहिलं की फाटकापासून कब्रस्तानाच्या बांधापर्यंत लाल पट्टा दिसायचा. त्याच दिवसांत अब्बा गेले. सकाळी दुकान उघडायला निघाले आणि ओट्यावरच बसले ते उठले नाहीत.

तात्या त्यांच्यानंतर सहा-सात महिन्यांनी वारले. मी नंदुरबारला होतो, फोन आला, मी गेलो नाही. त्यांना खांदा द्यायला पोरं पुष्कळ होती म्हणतात. म्हणून मी तात्यांना शेवटचं पाहिलं ते अब्बांच्या मयतीच्या दिवशी.

दुपारची नमाज झाली आणि आम्ही जनाजा उचलला. गल्ली संपते तिथे दोन रस्ते फुटतात. एक उतरून फरशीकडे, दुसरा सडकेकडे. सडक आता डांबरी झाली आहे, लांब पडते एवढंच. आम्ही सडकेनंच जायचं ठरवलं होतं. पण त्या वळणावर पुढची माणसं थांबली. फरशीच्या पलीकडे फाटक सताड उघडं होतं आणि फाटकाला धरून तात्या उभे होते. एकटेच. एका हातात खराटा होता. त्यांनी वाटेवरची मिरची दोन्ही बाजूंना झाडून लोटली होती. मधे माणसांना चालता येईल एवढी जमीन मोकळी झाली होती, सरळ कब्रस्तानापर्यंत. एकट्या म्हाताऱ्या माणसानं ते करायला सकाळपासूनचा वेळ लागला असणार. त्यांनी हाक मारली नाही. नाल्याच्या त्या काठावरून या काठाला त्यांची हाक सहज पोहोचली असती.

पेशइमामांनी मला विचारलं, "मास्टर, किधर से?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अब्बा असते तर त्यांनी काय सांगितलं असतं हे मला ठाऊक होतं. त्यांचा जनाजा माझ्या खांद्यावर होता.

"सडक से," मी म्हटलं.

आम्ही वळलो. चढावर माझा खांदा बदलला तेव्हा मी एकदा मागे पाहिलं. तात्यांनी खराटा खाली टाकला होता आणि दोन्ही हातांनी फाटक धरलं होतं, वाऱ्यानं लागू नये म्हणून.